पंधरा दिवस कुंकू लावू नये

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर,
४ सप्टेंबर २०२४

ती. वहिनींना,

भानूचा वाकून नमस्कार. तिकडं सगळं क्षेम असेल, पाऊसपाणी ठीक असेल, असं धरून चालते. इथली मंडळी बरी आहेत. शनिवारी गणपती बसायचे म्हणून गुलमंडीत पाय ठेवायला जागा नाही.

वर तुमचं नाव लिहिताना अडले, म्हणून नुसतं 'वहिनी' लिहिलं. 'सौ.' लिहिता येत नाही आणि 'गं. भा.' लिहायला हात वळत नाही. तीन कागद फाडले. शेवटी म्हटलं, बाई, छत्तीस वर्षांनी पत्र लिहिते आहेस, आता मायन्यावरच अडून बसलीस तर पुढचं कधी लिहिणार? तुमचा पत्ता परभणीच्या शाळेतून मिळवला. तिथल्या शिपायानं, "बाई लई कडक व्हत्या, पण पोरांवर जीव व्हता," असं सांगितलं. मला बरं वाटलं.

आधी इकडची खबर. बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली, ते तुम्हाला कळलं असेलच. आई आहे. एक्याण्णव पूर्ण. कान गेले, पण जीभ शाबूत. माझं लग्न राहिलं ते राहिलंच. औरंगपुऱ्याचं घर तेच, तळमजल्यावरचा माझा दवाखानाही तोच. येत्या दिवाळीपासून बंद करणार आहे. डोळे पूर्वीसारखे चालत नाहीत, आणि कातडीच्या डॉक्टरला दिसेनासं झालं की संपलं. आमच्या धंद्यात निम्मं निदान डोळ्यांनी होतं, उरलेलं बोटांनी आणि गप्पांनी.

हे तुम्हाला काय सांगायचं म्हणा! माझा पहिला पेशंट तुम्हीच की. मी परीक्षेचा अभ्यास करायची तेव्हा न्हाऊन केस वाळवायला तुम्ही गच्चीत बसायच्या. मी भिंग घेऊन तुमच्या डोक्यात तोंड घालायची. कोंडा कसा दिसतो, सोरायसिसची खपली कशी असते, चाई लागली तर केस मुळाशी कसा बारीक होतो, हे सगळं पुस्तकातलं मी तुमच्या डोक्यात शोधायची आणि काहीच सापडायचं नाही. "वन्सं, एखादा रोग असता तर तुमची सोय झाली असती नाही?" असं तुम्ही म्हणायच्या. शिकेकाईचा तो वास अजून कुठं आला की मला परीक्षेची भीती वाटते आणि पाठोपाठ तुमच्या हातच्या आल्याच्या चहाची आठवण येते.

दवाखाना उघडला त्या दिवशी पाटीला हळदकुंकू तुम्हीच लावलंत. पहिले सहा महिने कोण यायचं? पडेगावची भागूबाई तेवढी आठवड्यातून एकदा. "डागदरीनबाई, खाज जायना, पण तुमच्याशी बोललं की बरं वाटतंय." मलम मात्र लावायची नाही, शेळीला लावायची. शेळी बरी झाली! तुम्ही आणि दादा जेवताना हसून हसून लोळला होतात. दादा म्हणाला होता, "पाटी बदल भाने, गुरांचा दवाखाना कर."

दादाचं हसणं आठवतं का हो? आधी आवाज नाही, नुसते खांदे हलायचे.

बरं. किती वेळ अशी गोल गोल फिरणार मी? ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते.

मागच्या सोमवारी आईच्या डोक्यात कोंडा झाला म्हणून तेल लावायला बसले होते. बारीक दातांची फणी हवी होती. आई म्हणाली, माझ्या फणेरपेटीत बघ. बाबा गेल्यापासून ती पेटी कुणी उघडलेली नव्हती. फणी मिळाली. कुंकवाचा करंडा होता, आत कुंकवाचा खडा झालेला. आणि करंड्याखाली घडी घातलेला एक कागद होता. माझ्याच दवाखान्याचा. शाई फिकी झाली आहे, पण अक्षर माझं.

"सौ. द्वारका सदाशिव हर्सूलकर, वय ३३. कपाळावर कुंकवाच्या जागी इसब. पंधरा दिवस कुंकू लावू नये. मलम दोन वेळा." खाली माझी सही. ११ जानेवारी १९८८.

वहिनी, मी त्या तेलकट हातांनी तो कागद धरून उभीच राहिले.

तुम्ही तेव्हा सहा महिने ते दुखणं लपवलं होतं. खाज सुटली, कातडी लाल झाली, मधोमध पांढुरकी दिसायला लागली. तुम्हाला वाटलं कोड. घरात तो शब्द कसा काढायचा, म्हणून तुम्ही ते झाकायला कुंकू मोठं केलं. त्यानं चट्टा वाढला, की कुंकू आणखी मोठं. वाटाण्याएवढं होतं ते बोराएवढं झालं. आणि आमची आई शेजारच्या लक्ष्मीबाईंना कौतुकानं सांगायची, "सून बघा माझी, कसं ठसठशीत कुंकू लावते!" शेवटी कपाळावरचे केस विरळ व्हायला लागले तेव्हा तुम्ही माझ्याकडं आलात. घरात नाही, खाली दवाखान्यात, नंबर लावून. भागूबाईच्या मागं बसला होतात. मला इतका राग आला होता तुमचा! एका घरात राहून नंबर लावता?

खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि ओल्या कापसानं कुंकू पुसलं. बघताक्षणी कळलं मला. कोडाला खाज नसते, कोडाचा कोंडा पडत नाही. आणि चट्ट्याची कड इतकी गोल, तुमच्या बोटानं काढल्यासारखी. शरीर असा गोल आखून रोग करत नाही, तो बाहेरून लावलेला असतो. तुम्हाला कुंकवातला रंग सोसत नव्हता, एवढंच. मी म्हटलं, "कोड नाही." तुम्ही माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडलात.

मग मी औषध सांगितलं. पंधरा दिवस कपाळ मोकळं. तुमचं रडणं थांबलं. "वन्सं, असं कसं? ह्यांच्या जिवाला..." मी चिडले. वय एकतीस, नवी डिग्री, अंगात मस्ती! म्हटलं, "वहिनी, दादाचा जीव तुमच्या कपाळावर नाही, त्याच्या छातीत आहे. डॉक्टर मी की तुम्ही?"

हे वाक्य मी रोज ऐकते. अजून.

दादाला सांगितलं तर त्याचे खांदे हलायला लागले. "डॉक्टरचा हुकूम आहे, पाळायला पाहिजे." प्रश्न आईचा होता. ती फर्दापूरला मामाकडं पंधरा दिवस जाणार होती, तेवढ्यात उरकून घ्यायचं आपण तिघांनी ठरवलं. बाबांचं घरात लक्षच नसायचं. आई एसटीत बसली आणि दुपारी तुम्ही गच्चीत आलात, मोकळं कपाळ घेऊन, पदर भुवयांपर्यंत ओढलेला. दादा म्हणाला, "शाळेतल्या मुलीसारखी दिसतेस." तुम्ही लाजलात. ते आठ दिवस आपल्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते, वहिनी. आई नाही, हुरड्याचे दिवस, तिघांनी गच्चीत बसून खाल्लेला. रोज सकाळी मी भिंग घेऊन तुमचं कपाळ बघायची. चौथ्या दिवशी लाली उतरली. सातव्या दिवशी खाज गेली.

नवव्या दिवशी दादा पहिल्या पाळीला वाळूजला निघाला आणि रस्त्यात ट्रकनं स्कूटरला उडवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण मी एकदाही तोंडानं बोललेले नाही, म्हणून लिहिते. आई दुपारी फर्दापूरहून आली. बायका तुमच्याभोवती होत्या, कुंकू पुसायला पुढं झालेल्या, आणि पुसायला काही नव्हतंच. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आठ दिवस झाले, लावतच नव्हती. मी जिन्यात बघितलं की." आईनं तुमच्याकडं बघितलं आणि ती ओरडली, "माझं लेकरू जितं असताना पुसलंस तू? तूच खाल्लंस त्याला!"

तुम्ही फक्त मान वळवून माझ्याकडं बघितलंत. एकदाच. मी नळापाशी उभी होते. "मी सांगितलं होतं," एवढे तीन शब्द. चौथा लागत नव्हता. मी तांब्या उचलला आणि पाणी भरायला लागले.

तेव्हा दुःखानं सुचलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे. सगळं सुचलं होतं. दवाखान्याची पाटी सुचली होती. पुढंही पुष्कळ दिवस मिळाले की मला, तेव्हाही तोंड उघडलं नाही. तेराव्याला तुम्ही वाकून नमस्कार केलात तेव्हा तुमचं कपाळ माझ्यासमोर आलं. स्वच्छ. डाग नाही, खपली नाही, केसांची नवी लव फुटलेली. माझं निदान शंभर टक्के बरोबर निघालं होतं. आणि ते बघून, वहिनी, माझ्या मनात एक क्षणभर समाधान आलं. डॉक्टरला येतं तसं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

महिन्याभरात तुमचे भाऊ आले आणि तुम्हाला घेऊन गेले. जाताना तुम्ही "येते वन्सं" म्हणालात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर तो कागद. मी आईपुढं धरला आणि कानाशी ओरडले, "आई, हा तुझ्याकडं कसा?"

ती म्हणाली, "तिच्या उशीखाली होता. सुतकातच सापडला."

म्हणजे सगळं माहीत होतं तिला! मी खाली बसले. म्हटलं, "मग तिला का बोल लावत राहिलीस? जन्मभर?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच एखादं खुळं पोर आहे. म्हणाली, "तुझा दवाखाना नवा होता. भावजयीचं कुंकू पुसायला लावणारी डॉक्टरीण म्हटल्यावर कोणती सवाष्ण तुझी पायरी चढली असती? एक लेकरू गेलंच होतं. दुसऱ्याला सांभाळायला नको? ती काय, परक्याची होती." आणि मग शांतपणे म्हणाली, "भांग नीट पाड. तेल कानावर ओघळतंय."

मी भांग पाडला. एक्याण्णव वर्षांच्या बाईला काय बोलणार? आणि कोणत्या तोंडानं? तिनं जे केलं तेच मी केलं होतं, फक्त तिनं कबूल केलं. छत्तीस वर्षं बायका माझ्याकडं आल्या. कुंकवानं, टिकलीच्या डिंकानं, केसांच्या कलपानं कातडी बिघडलेल्या. हजारोंना मी सांगितलं, पंधरा दिवस लावू नका, काही होत नाही. त्या सगळ्या तुमच्यामुळं आल्या. तुम्ही बोलला असतात तर त्यातली एकही आली नसती. आणि तुम्हाला ते कळत होतं, हो ना? म्हणूनच गप्प राहिलात ना? हे एक मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. नाही म्हणालात तरी चालेल.

माफी मागत नाही. मागितली की द्यायची की नाही याचं ओझं पुन्हा तुमच्यावरच. मी काय करणार आहे तेवढं कळवते. रविवारी, बावीस तारखेला, पक्षातली पंचमी. दादाचं श्राद्ध. काकासाहेबांचा थोरला येऊन करतो. सगळे चुलते, आत्या, त्यांच्या सुना जमतात, आणि दरवर्षी कुणीतरी हळूच तो विषय काढतंच. लक्ष्मीबाईही येतात, काठी टेकत. यंदा पानं वाढायच्या आधी मी उभी राहून तो कागद मोठ्यानं वाचणार आहे. तारखेसकट. आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तुम्ही यावं अशी माझी फार इच्छा आहे. परभणीहून सकाळची गाडी आहे, स्टेशनवर मी स्वतः येईन. नाही आलात तरी मी वाचणारच. नमस्कार तुमच्या पायांना, पण आलात तर एकदा पदर मागं सारून कपाळ दाखवा. भिंग घेऊन नाही बघणार. नुसतं बघेन.

कागदाची नक्कल सोबत पाठवते. मूळ त्या रविवारपर्यंत माझ्याकडं, नंतर तो तुमचा. त्याच्या खाली, तेव्हाच्या सहीखाली, आज एक ओळ घातली आहे आणि पुन्हा सही केली आहे. ती ओळ इथंही लिहिते:

हिनं कुंकू पुसलं नाही. मी सांगितलं होतं.

तुमची वन्सं,
डॉ. भानुमती व्यंकटराव हर्सूलकर