वीतभर तार

नाशिक रोड,
२१ मार्च १९७३

प्रिय मालिनीताई,

नमस्कार. महिनाभर पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. दुष्काळी कामावर नेमणूक झाली आहे; तब्येत ठीक आहे. आईचा खोकला कसा आहे?

इथे एका शेडमध्ये आम्ही तारेने आवळलेल्या गवताच्या मोठ्या गाठी सोडून लहान बांधतो. मोठी गाठ उचलायला चार माणसे लागतात, लहान गाठ गुरांच्या छावणीतली बाईसुद्धा डोक्यावर नेते. दारे लावून घेतो, म्हणजे वाऱ्याने गवत उडत नाही. तोडलेल्या तारा आधी खुंटीवर टांगायच्या, मगच गवत लाकडी साच्यात तुडवून सुंभाने बांधायचे. गाठ सुटली की गवत फुगून दुप्पट होते. एवढे आत मावले कसे, हे कोडे मला रोज पडते.

आज संध्याकाळी खुंटीवरची एक तार इतरांपेक्षा वीतभर तोकडी निघाली. शेड झाडून काढली, तुकडा सापडला नाही. दिवसभराच्या गाठी देवळ्याच्या छावणीला जाणाऱ्या ट्रकवर चढल्या होत्या.

"वीतभर तारेपायी गाडी अडवता? तिकडं गुरं उपाशी हायेत," ड्रायव्हर पुंजाराम म्हणाला.

"गाय काय निवडून खाती? तार पोटात गेली तर मरंल ना," गाठी बांधणाऱ्या सुलाबाई त्याला म्हणाल्या. "तुला भातात खडा लागला तर घर डोक्यावर घेशील."

दोघांचेही खरे होते. मी गाडी थांबवली. उद्या छावणीत वैरण उशिरा पोचेल, ती माझ्यामुळे. ताई, तू काय केले असतेस?

तुझा,
चिंतामण

उद्याचे काम: उजाडताच ट्रकवरची प्रत्येक गाठ सोडून पाहणे.