सिरोंच्याला जायच्या आधी एक पिक्चर

४ जानेवारी, शनिवार
ललिताची ऑर्डर आली. बावीस वर्षं अंगणवाडीत काढल्यावर पर्यवेक्षिकेचं प्रमोशन. पण पोस्टिंग सिरोंचा. २८ तारखेला जॉइन व्हायचं. गडचांदूरहून सिरोंचा म्हणजे अख्खा दिवस बसमध्ये.
मी अभिनंदन केलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जायच्या आधी एक पिक्चर तरी संगं पाहू. किती वर्स झाले."
मी लगेच ओळखलं. तिला जायचं नाही. तसं तोंडानं म्हणायचं नाही, म्हणून पिक्चरचं निमित्त. योग्य पिक्चर लागला, की संपल्यावर तीच म्हणेल, नाई जात मी. मधे चार रविवार आहेत. दिवाळीला आमच्या लेकीने, दिव्यानीने, नागपूरहून टीव्ही पाठवला, त्यात चार ॲप आहेत. हजारो पिक्चर. एक सापडणार नाही?

५ जानेवारी, रविवार
मोबाईलवर लेख वाचला. उगाच स्क्रोल करू नये. आधी स्वतःचा मूड ओळखावा. निवडीला वीस मिनिटांची मर्यादा. शांतपणे, जाणीवपूर्वक. पटलं.
दुपारी चारला बसलो. ललिताने चिवडा केला. पहिला पिक्चर फौजीचा, म्हणजे ताटातूट. बाद. दुसऱ्यात सासू मरते. तिसरा विनोदी, पण सगळे लंडनमध्ये. सहाला ती म्हणाली, "झालं काय?" फक्त कॉमेडी सेक्शन बाकी आहे, असं सांगितलं. ती स्वयंपाकाला गेली. चिवडा मीच संपवला.
वीस मिनिटांची मर्यादा प्रत्येक सेक्शनला धरायची, असा माझा अर्थ आहे.

८ जानेवारी, बुधवार
वही केली. खाणीच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं टाइमकीपर आहे, रकाने आखणं मला नवीन नाही. नाव, भाषा, लांबी, रेटिंग, आणि शेवटचा रकाना: बायको घर सोडते का. सोडत असेल तर लाल फुली.
एकसष्ट नावं. त्रेचाळीस फुल्या. लोकांना दुसरे विषयच नाहीत.

१२ जानेवारी, रविवार
तयारी पूर्ण होती. नऊ ट्रेलर लावले. चौथ्याला ललिता म्हणाली, "हेच लावा ना, चांगला दिसते." मी समजावून सांगितलं की रेटिंग सहा पॉइंट आठ आहे. आपल्याकडे एकच चान्स आहे, सहा पॉइंट आठवर कसा घालवायचा? ती तांदूळ निवडत बसली. थोड्या वेळाने ताट मांडीवर ठेवून खुर्चीतच झोपली. तिची झोप मोडू नये म्हणून मी आवाज बंद केला आणि पुढचे पाच ट्रेलर मुक्याने पाहिले.
आजचा रविवार तयारीत धरायचा.

१४ जानेवारी, मंगळवार
टीव्हीवर नवीन प्रोफाइल उघडली. नाव दिलं 'आम्ही दोघं'. म्हणजे ॲपला आमची आवड कळेल. सुरुवातीला ते म्हणतं, आवडते तीन पिक्चर निवडा. दोन मी निवडले. तिसरा ललिताचा हवा. तिला काय आवडतं? बराच वेळ बसलो. नाही आठवलं.
दिव्यानीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, पयला दिसन तो लावा. आईले काही पिक्चरचं पडलं नाई." हल्लीच्या पोरांना पेशन्स नाही.
प्रोफाइल अर्धवट आहे.

१९ जानेवारी, रविवार
ललिताने माळ्यावरची पेटी काढून उन्हात ठेवली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.
चारला बसलो. यादी सातवर आली होती. ती वीस मिनिटं बसली. तेवढ्यात शेजारच्या नीलाबाईने भिंतीवरून हाक दिली. ती म्हणाली, "तुमचं ठरलं की आवाज द्या."
मी सातवरून तीनवर आलो. पलीकडून हसण्याचा आवाज येत होता. दोघी तिघी बाया. त्यातली एक अशी हसत होती की तिला मधेच श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. कोण असेल, म्हणून टीव्ही म्यूट केला.
ललिता होती.
साडेसहाला परत आली. मी विचारलं, कोणता पिक्चर? "नाव नाई पाह्यलं. नीलाबाईनं लावला, आमी पाह्यला." मग उभ्या उभ्या तिने सगळी स्टोरी सांगितली. म्हैस हरवते, पोलीस पाटील विहिरीत पडतो, त्याचा आवाज काढून दाखवला. मी विचारलं, रेटिंग किती असेल? ती आत गेली.
नावाशिवाय सर्च होत नाही. 'म्हैस' टाकून पाहिलं. डेअरी फार्मवरची डॉक्युमेंटरी आली.

२२ जानेवारी, बुधवार
हाफ डे टाकून घरी आलो. आज सरळ विचारायचं ठरवलं होतं, जायलाच पाहिजे का?
ती साड्यांच्या घड्या घालत होती. समोर बसलो. पाणी प्यायलो. म्हणालो, तुला ॲक्शन चालेल का?
तिने हातातली घडी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चालन."
ॲक्शनचा सेक्शन नव्याने उघडावा लागला. एकशे चाळीस.

२६ जानेवारी, रविवार
शेवटचा रविवार. सकाळी झेंडावंदन, मग अंगणवाडीत तिचा निरोप. तीनला आली. डोळे सुजलेले. मी म्हणालो, बस, ठरलंय. एक तास बावन्न मिनिटं. प्ले दाबलं.
आठव्या मिनिटाला हिरॉइन प्लॅटफॉर्मवर उभी. हातात बॅग. ताबडतोब बंद केला. दुसरा लावला, त्यात बसस्टँड. तिसऱ्यात बोट. रिमोट दोनदा पडला. चौथा, पाचवा. सहाव्याला ललिता उठली. "काऊन येवढे घाबरून राह्यले? मले आता बॅग भरू द्या."
मी म्हणालो, पाच मिनिटं. ती भरत राहिली. मी बाहेरच्या खोलीतून एकेका पिक्चरची माहिती मोठ्याने वाचून दाखवत होतो. ती आतून "हं" म्हणत होती. अकराव्यानंतर "हं" यायचं बंद झालं. मी बाविसाव्यापर्यंत वाचलं.

२७ जानेवारी, सोमवार
सकाळी सातची बस. पेटी मी चढवली. खिडकीपाशी उभा राहिलो. पुष्कळ बोलायचं होतं. विचारलं, तिथे टीव्ही असेल का? ती म्हणाली, "जेवन वेळेवर करत जा." बस निघाली.
मी थांबवलं नाही. चुकीचा पिक्चर लागला असता तर कायमचं बिघडलं असतं. या दृष्टीने पाहिलं तर नुकसान टळलं.
ऑफिसला गेलो नाही. भात लावला, तो करपला.

२ फेब्रुवारी, रविवार
उपाय सापडला. दोघांनी एकाच वेळी एकच पिक्चर लावायचा. ती तिथे मोबाईलवर, मी इथे. म्हणजे संगंच झालं. सकाळी फोन केला. ती म्हणाली, इथी खोलीत रेंज नाई, ऑफिसच्या पायऱ्यांवरच येते. "तुमी पाहा. सायंकाळी मले स्टोरी सांगा. मी येऊन बसतो तिथी."
चारला लावला. यादीतला एक नंबरचा. लाल फुली नाही. सुरू असतानाच मोबाईलवर पाहत होतो, की याहून बरा काही होता का. तीन सापडले. वहीत लिहून घेतले.
सहाला फोन लावला. ती पायऱ्यांवर येऊन बसली होती. मागे दोन बाया तेलुगूत बोलत होत्या. म्हणाली, "हं, सांगा."
मी सांगितलं. एका छोट्या गावात एक मास्तर असतो. त्याची बायको असते. आणि एक दिवस असं काही घडतं, की दोघांचं आयुष्य बदलून जातं.
"मंग?"
टीव्हीवर नावं वर सरकत होती.
"सांगा ना. मंग काय होते?"
मला तेवढंच माहीत होतं.