सोयरीक मी मोडली

श्री गुरुबसवलिंगाय नमः।

मी वीरप्पा कल्याणप्पा, वय ४६, धंदा शिवणकाम, राहणार परंडा, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र तोंडी सांगून शाळेचे मास्तर महारुद्र यांच्याकडून लिहवून घेत आहे. माझे हात, खांदे आणि चेहरा माझ्या हुकमात नाहीत. ते आपले आपण उडतात. जीभ जड झाली आहे, म्हणून प्रत्येक वाक्य मास्तरांनी दोनदा विचारून घेतले आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे. चालताना झोकांड्या जातात त्या रोगाने, दारूने नव्हे. बाजारात जे हसले त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहवतो.

१. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा पत्नी शिवकांता हिला मिळावा. घास घशात अडकतो म्हणून तीन वर्षे ती मला कुस्करून भरवते. थोरले बंधू शरणबसप्पा घरी आले आणि ती हसली, एवढ्यावरून मी तिच्यावर नको ते आरोप केले. ते खोटे होते. त्या हसण्याचा राग मात्र अजून येतो. माझ्यापाशी ती तशी हसत नाही.

२. शिवणयंत्र व मोठी कात्री अण्णांना, म्हणजे याच बंधूंना द्यावी. मनापासून देत नाही; दुसरा चालवणारा नाही म्हणून देतो. दुकान दोघांचे, पण कापड बेतून कापण्याचा हात माझा. तहसीलदारांची शेरवानी मी बेतायचो, अण्णा पायजमे शिवायचे. छत्तिसाव्या वर्षी माझी बोटे नाचू लागली. एका शेरवानीची छाती वाकडी कापली गेली आणि कात्री अण्णांकडे गेली. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी ते चष्म्याविना सुई ओवतात आणि मी ओट्यावर बसून बघतो. देवाने हात वाचवायचे तर निदान चांगल्या शिंप्याचे वाचवायचे होते.

३. रोगाविषयी. आजीला असेच व्हायचे, तेव्हा येरमाळ्याच्या देवीआईचे वारे अंगात आले म्हणून लोक तिच्या पाया पडत. वडिलांना झाले, तेव्हा त्यांना दारुडा म्हणाले. ते पन्नाशीत गेले. मला एका मांत्रिकाने लिंबाच्या फोकाने मारले. त्याला माझ्या मातीलाही येऊ देऊ नये. अखेर अण्णांनी मला सोलापुरास डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तीन पिढ्यांची माहिती विचारून कागदावर लिहिली. हा मेंदूचा रोग आहे, आईबापांकडून येतो, अंगाला शिवल्याने होत नाही आणि त्याला औषध नाही, असे ते म्हणाले. रोग्याच्या प्रत्येक लेकराला, मुलगा असो वा मुलगी, निम्मा धोका. जो सुटला, त्याच्या मुलाबाळांना काही नाही. अण्णांना तपासून म्हणाले, इतक्या वयात एकही लक्षण नाही, म्हणजे हे सुटलेच समजा. हे सारे त्यांनी त्याच कागदावर लिहून दिले. अण्णा तिथेच रडले. माझ्यासाठी रडले असे शिवकांता म्हणते. मला ते पटलेले नाही.

४. आता कबुली. सरल्या माघात अण्णांची मुलगी रुद्रम्मा हिची सोयरीक भूम गावच्या मुलाशी ठरली. मुलाचे वडील पंचाक्षरी माझ्या ओट्यावर टेकले. माझे हात बघून त्यांनी विचारले, "हे तुमच्या घराण्यातच हाय का?"

मी म्हणालो, "समद्या घरात हाय. अण्णा झाकून ठेवत्यात."

डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. मी जाणूनबुजून खोटे बोललो. सोयरीक मोडली. आठ दिवस अण्णांनी दुकान उघडले नाही, आणि ते आठ दिवस मला गाढ झोप लागली.

५. डॉक्टरांचा कागद मी दडवला होता, तो आज काढून दिला आहे. माझ्या मरणाची वाट न बघता अण्णांनी तो भूमला दाखवावा.

६. जी काही शिल्लक आहे ती मुलगी प्रेमा, वय १६, हिला मिळावी. तिच्या लग्नाची कुणी सक्ती करू नये.

७. मला रीतीप्रमाणे बसवून समाधी द्यावी. अंग बांधू नये. तेव्हा ते हलणार नाही.

इथवरचे सर्वांना वाचून दाखवल्यावर जे घडले तेही मास्तरांना लिहायला सांगितले. अण्णांनी डॉक्टरांचा कागद उचलला. मग त्यांनी कागदाची घडी घातली. "ह्यात प्रेमाचंबी येतंय. हा कागद मी कुणाला दावणार न्हाय. रुद्रीला दुसरं घर मिळंल," ते म्हणाले. मला ते एक शब्दही टाकून बोलले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर कागद घेऊन तेव्हाच भूमची वाट धरली असती. हातांचा हेवा होताच. आता त्यांच्या मनाचाही वाटू लागला.

प्रेमा दारात उभी होती. तिने पुढे येऊन त्यांच्या हातातून कागद घेतला.

"थोरले आप्पा, उद्या मीबी भूमला येते."

मी विचारले, "तुला भ्या वाटत न्हाय का?"

"वाटतंय की. पर लपवून मला कुणाच्या घरात जायचं न्हाय."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती कुणाहून चांगली, कुणाहून कमी, असे काही त्या वेळी माझ्या मनात आले नाही. ती माझी मुलगी आहे, एवढेच आले.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कुणाच्या दबावाविना केले आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: वीरप्पा कल्याणप्पा (तिसऱ्या खेपेस उमटला)

साक्षीदार:
१. दगडोबा, शेतकरी, परंडा (अंगठा)
२. बब्रुवान, दुकानदार, परंडा (सही)

लेखक: महारुद्र मास्तर

मुक्काम परंडा, बुधवार, ३ एप्रिल १९४६, फसली १३५५