समोरच्या खोलीची परवानगी

लंडन, ८ मार्च १९८७

प्रिय सिप्पोरा,

तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच प्रश्न आहे, पडद्याचं काय झालं? तू दोन हिवाळे बसून, डोळे दुखत असताना, आपल्या पवित्र ग्रंथाच्या कपाटासाठी निळ्या मखमलीवर जरीनं भरलेला तो पडदा ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात आहे, जिन्याखालच्या कपाटात. प्रार्थनेची जागाच झाली नाही तर लावणार कुठे? परवानगी नाकारल्याचं हाईमनी तुला नोव्हेंबरातच कळवलं, पण मी स्वतः एक ओळ लिहिली नाही. आज चौथ्यांदा लिहायला बसले आहे. दर दहा मिनिटांनी उठते. मघाशी उठून उशांच्या अभ्र्यांना इस्त्री केली, काही गरज नव्हती. आता किचनच्या टेबलाशी बसले आहे आणि हाईम वर झोपले आहेत, दुपारचे. तुला माहीत आहे तेही पुन्हा लिहिते. सलग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आपली मराठी ज्यू माणसं इथे किती, तर चाळीसएक घरं. आजूबाजूला इतर ज्यूंची सिनेगॉग आहेत, लोक चांगले आहेत, पण त्यांच्या चाली वेगळ्या. आपल्या म्हाताऱ्यांना तिथे पाहुण्यासारखं वाटतं. म्हणून अकरा वर्षं आपण स्काउटच्या मुलांचा हॉल भाड्यानं घेतो. मुलांच्या बुटक्या बाकांवर सत्तर वर्षांची माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतात. सेफेर तोरा, ती पवित्र ग्रंथाची जड गुंडाळी, आमच्या बेडरूमच्या कपाटात असतो. हाईम तो शुक्रवारी दुपारी, शनिवारच्या शब्बाथला ओझं उचलायला नको म्हणून, तो लागायच्या आत हॉलवर नेऊन ठेवतात आणि रविवारी सकाळी परत आणतात. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, आपल्याच घराचा खालचा मजला द्यायचा. समोरची आणि मागची खोली मधली भिंत पाडून एक करायची. तोंड करून प्रार्थना करायला पूर्वेची भिंत आहेच. किचन सगळ्यांना. आम्ही दोघं वर, दोन बेडरूममध्ये.

त्यांनी हे प्रथम सांगितलं ते मला नाही, शनिवारी सगळ्यांसमोर हॉलमध्ये. लोक उभे राहिले, बायकांनी मला मिठ्या मारल्या. कोणी तरी म्हणालं की रिवकाबाईंचं मन मोठं. मी हसत होते. घरी चालत येताना हाईम म्हणाले, “तुला आवडलं ना?” त्या प्रश्नाला हो म्हणण्यापलीकडे उत्तर नसतं, तुला माहीत आहे.

समोरच्या खोलीबद्दल तुला कधी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही. तिला पुढे आलेली तीन काचांची खिडकी आहे, खिडकीत एक खुर्ची आहे. हॉस्पिटलची सकाळची शिफ्ट संपवून मी तीनला घरी येते, चहा घेते, पाय स्टुलावर टाकते आणि साडेचारपर्यंत रस्त्याकडे बघत बसते. एवढंच. लग्न झाल्यावर माझगावला दोन खोल्यांत आम्ही नऊ जणं होतो. पडद्यामागे कपडे बदलायचे, आणि पडद्यापलीकडून सासूबाई विचारायच्या, एवढा वेळ काय चाललंय? मग इथे हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये एक खोली, मग बेसमेंट, मग दुसऱ्यांच्या घरात वरची खोली. एकावन्नाव्या वर्षी मला ती खिडकी मिळाली, सिप्पोरा. नव्या नकाशात तिथे बायकांच्या बसायच्या जागेचं पार्टिशन आखलं होतं.

इथे घर आपलं असलं तरी ते राहण्यासाठी. त्याचं दुसरं काही करायचं तर कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीची परवानगी लागते. समाजाचे सेक्रेटरी बेंजामिन तळकर आणि हाईम, दोघांनी मिळून फॉर्म भरला. एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं येतील, तिथे लिहिलं तीस. गाड्या आठ. मी स्वयंपाक करता करता ऐकलं. आमच्या दारासमोरच्या लॅम्पपोस्टला पिवळा कागद लागला. रस्त्यावरच्या प्रत्येक घराला कौन्सिलचं पत्र गेलं, या अर्जाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? चौदा जणांनी विरोध लिहिला. शेजारच्या मिसेस हॅलोरननंही. हाईमच्या ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस ती सूप आणून देत होती. बिचारी स्वतः येऊन सांगून गेली, “रिवका, हे तुमच्याबद्दल नाही, गाड्यांबद्दल आहे.” तिला वाटलं मी रागावले आहे. मला तिचा हेवा वाटत होता. माझ्या घराचं काय व्हावं हे तिला पोस्टानं, नावानिशी विचारलं होतं. मला तसं पत्र आलं नाही.

निर्णयाच्या आधी कमिटीची माणसं जागा बघायला येतात. ती शनिवारी सकाळी येणार असं कळलं. हाईमनी वार बदलून मागितला, तर उत्तर आलं की अर्जदारानं हजर राहायची गरज नाही, कोणी तरी दार उघडलं म्हणजे झालं. म्हणून पंधरा नोव्हेंबरला ते प्रार्थनेला गेले आणि मी घरी राहिले. साडेदहाला बेल वाजली. दारात आठ माणसं, ओले रेनकोट, एका बाईच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. ऑफिसर हातात नकाशा घेऊन पुढे. मी सगळ्यांना आत घेतलं. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, मागच्या बागेत पावलं मोजली, रस्त्यावर किती गाड्या उभ्या आहेत ते पाहिलं. ऑफिसरनं आधीच बजावलं होतं की इथे बाजू मांडायची नाही, वाद नाही, फक्त माहिती. ती टोपीवाली बाई मात्र खिडकीपाशी थांबली. खुर्चीवर माझं विणकाम होतं. तिनं विचारलं, “तुम्ही इथे बसता?” मी म्हटलं, हो. “छान उजेड आहे,” ती म्हणाली. बस, एवढंच. मग चेअरमन माझ्याकडे वळले, उंच, शांत गृहस्थ, आणि विचारलं, “वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी, मॅडम, साधारण किती लोक जमतात?”

मी म्हटलं, “मलिद्याच्या दिवशी, सगळे मिळून आभाराची प्रार्थना करतो तेव्हा, एकशे दहा. मुलं सोडून.”

गाड्या किती, तेही त्यांनी विचारलं. पस्तीस, मी म्हटलं. लेस्टरहून, साउथहॅम्प्टनहून सगळे येतात, त्यांना बसनं कसं येता येईल? ऑफिसरनं फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लिहून घेतलं. त्यांनी बूट पुसण्याच्या पायपुसण्याबद्दल माझे आभार मानले. दार लावून मी खुर्चीत बसले. त्या दिवशी प्रार्थनेहून आल्यावर हाईमनी विचारलं की कसं झालं. बघून गेले, एवढंच मी म्हटलं.

मंगळवारी कमिटीच्या बैठकीला हाईम आणि बेंजामिन प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. आमचा अर्ज सहा मिनिटांत निकालात निघाला. चेअरमननी मोठ्यानं वाचलं, अर्जात तीस आहे, पण जागेवर अर्जदाराच्या पत्नीनं एकशे दहा सांगितले. हाईमना ते तिथे, सगळ्यांदेखत कळलं. घरी आले, कोट काढला नाही, तसेच दाराशी उभे राहिले. “तू काय सांगितलंस त्यांना?” मी म्हटलं, “विचारलेला आकडा सांगितला.” मला वाटलं आता ओरडतील. तसे ते कधी ओरडले नाहीत तीस वर्षांत. मग म्हणाले, “तुला प्रश्न कळला नसेल. ही माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात.”

मी त्यांचा कोट काढून खुंटीला लावला.

तिथून ते सुरू झालं. हाईमनी समाजाला तेच सांगितलं. “तिला वाटलं साऱ्या समाजाची मिळून संख्या विचारतायत, बिचारी गोंधळली.” मी रोज हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटच्या डेस्कवर दोनशे फोन घेते, सिप्पोरा, आयरिश, जमैकन, स्कॉटिश, दारू प्यायलेले, रडणारे, सगळ्यांचं इंग्रजी मला कळतं. एकवीस वर्षं. पण स्काउटच्या हॉलमध्ये बायका माझा हात हातात घेऊन म्हणू लागल्या, जाऊ दे, होतं असं, एवढ्या साहेबांसमोर कोणाचीही भंबेरी उडेल. मी मान हलवत होते. घरी येऊन घासताना भांड्यांचा आवाज चढत जायचा, आणि हाईम आतून विचारायचे, काही फुटलं का?

जानेवारीत ते भयंकर बर्फ पडलं. तुला टीव्हीवर दिसलं असेल. शुक्रवारी गाडी सुरू होईना, बसेस बंद. हाईमनी सेफेर तोरा चादरीत गुंडाळला, वरून माझा जुना रेनकोट बांधला, आणि छातीशी धरून पायी निघाले. बासष्ट वर्षांचा माणूस, एका बाजूची कंबर धरलेली. समोरच्या खोलीच्या खिडकीतून मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पाहिलं. दोनदा थांबले. एकदा कुंपणाला पाठ टेकली, पण ओझं खाली टेकवलं नाही. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. मी खुर्चीत बसू शकले नाही. तेव्हापासून त्या खोलीत गेले की उभीच असते. चहा इथे किचनमध्ये घेते.

फेब्रुवारीत अपिलाचं ठरलं. सरकारचा इन्स्पेक्टर येऊन पुन्हा ऐकणार. बेंजामिननी माझ्यासाठी एक पानाचं निवेदन टाइप करून आणलं. मातृभाषा मराठी असल्यामुळे अर्जदाराच्या पत्नीस प्रश्नाचा अर्थ नीट उमगला नाही, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. खाली रेघ, माझ्या सहीसाठी. एक शब्द चुकीचा टाइप झाला होता, तो मीच दाखवला. बेंजामिनना त्यात काही वावगं वाटलं नाही. हाईमनी मात्र मान वर केली.

तो कागद आठ दिवस फ्रिजवर पडून होता. गेल्या सोमवारी नाश्त्याला मी हाईमना सांगितलं, ही सही मी करणार नाही. त्यांनी टोस्ट खाली ठेवला. मी म्हटलं, “मला प्रश्न कळला होता.” ते म्हणाले, “माहीत आहे.” मग टोस्टचे कण गोळा करत, “पाच वर्षं या घरात आहोत. मला एकदा सांगायचं होतंस.” मी म्हटलं, “तुम्ही विचारलं ते वाटेत, सगळ्यांना सांगून झाल्यावर.” त्यांनी विचारलं, “मग आता तुला काय हवंय?” इतके महिने मी त्या प्रश्नाची वाट पाहिली असेन. एकदा वाटतं खोली हवी, एकदा वाटतं घेऊन जा ती. मी त्यांच्या बश्या उचलल्या. ते उठून फोनकडे गेले आणि बेंजामिनना म्हणाले की अपील मागे घ्या, मी थकलो, माझ्याच्यानं आता धावपळ होणार नाही.

काल शनिवारी ते तेच सगळ्यांना सांगत होते. कंबर, वय, डॉक्टर. लोक त्यांच्यावर नाराज आहेत. बेंजामिन तर नीट बोललेही नाहीत. एकजण मला ऐकू येईल असं म्हणाला, तोंडाशी आणून माणसानं माघार घेतली. हाईमनी ऐकलं आणि बाक उचलून भिंतीशी लावत राहिले. पहिल्यांदा माझं इंग्रजी पुढे केलं ते मला झाकायलाच, हे मला काल कळलं, आणि आता स्वतःला पुढे केलंय. मी तिथेच उठून बोलायला हवं होतं. पुढच्या शनिवारी मी बोलणार आहे, सगळ्यांसमोर, मराठीत. पण मी स्वतःला ओळखते, म्हणून आधी हे कोणाला तरी लिहून, पोस्टात टाकून मोकळी होते आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही. तुझ्या शेवटच्या पत्रात तू लिहिलंस, रिवका, मनाला लावून घेऊ नकोस, परकी भाषा ती परकीच. ते वाक्य तू मनातून खोडून टाक. चेअरमन अगदी स्पष्ट बोलले होते. तीस म्हटलं की परवानगी मिळणार आणि एकशे दहा म्हटलं की जाणार, हे मला तोंड उघडायच्या आधी माहीत होतं. आकडा खरा होता, पण मी तो खरा होता म्हणून सांगितला नाही.

तुझीच थोरली बहीण,
रिवका