अपरिहार्य कारणास्तव

३ फेब्रुवारी, मंगळवार
समन्स आलं. २० तारीख, सकाळी ११, शिवाजीनगर कोर्ट. गेल्या वर्षी कर्वेनगरच्या चौकात सरुबाई भाजीवालींना एका गाडीने उडवलं, ते पाहणारा मी एकटाच. गाडीचा नंबर मीच लिहून घेतला, रिक्षात घालून हॉस्पिटलातही मीच नेलं. माझी साक्ष झाली नाही तर तो ड्रायव्हर सुटेल. जाणार. पावणेअकरालाच हजर.

७ फेब्रुवारी, शनिवार
नागरिक मंचाचे सचिव पृथ्वीराज घरी आले. यंदाचा ‘जागरूक नागरिक’ पुरस्कार मला. सरुबाईंना मदत केली म्हणून. समारंभ २० तारखेला, सकाळी ११. दुसरा दिवस चालेल का, विचारलं. म्हणाले, न चालायला काय झालं, फक्त नागरिक दुसरा बघावा लागेल.
कोर्ट सोडायचं नाही, हे ठरलेलंच आहे. फक्त त्यांना नाही म्हणालो नाही.

९ फेब्रुवारी
अभयला फोन. शाळेपासूनचा मित्र, वकील. तारखेला जाणं जमत नसेल तर काय करतात, केवळ माहिती म्हणून विचारलं. म्हणाला, खरीच अडचण असेल तर आधी सरकारी वकिलांना कळवायचं, अर्ज द्यायचा, सोबत पुरावा. न कळवता दांडी मारली तर वॉरंट निघू शकतं. मग विचारलं, तुझी अडचण काय? रेंज गेली. म्हणजे, गेली असं मी सांगितलं.

१२ फेब्रुवारी
अर्जाचा चौथा मसुदा. आजारी आहे असं लिहिणार नाही. मी खोटं लिहीत नाही. पुरस्कार आहे हे खरं, पण कागदावर विचित्र दिसतं. शेवटी ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहिलं. यात खोटं काही नाही. (खरंही काही नाही.)
कल्याणीने वाचलं. म्हणाली, अपरिहार्य म्हणजे टाळता येत नाही ते ना? मग सत्काराचा नारळ टाळता येत नाही म्हणायचा. बायकोने असं बोलू नये.

१६ फेब्रुवारी
सरकारी वकिलांकडे पोचवायला अर्ज अभयकडे दिला. त्याने पुरावा मागितला. निमंत्रणपत्रिका खिशात होती, काढवेना. म्हणाला, पहिलीच वेळ आहे, बघतो. वर म्हणाला, त्या बाई प्रत्येक तारखेला येतात रे. कुबडी घेऊन, स्वारगेटला बस बदलून.
हे सांगायची गरज नव्हती.

२० फेब्रुवारी, दुपारी २
शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात ‘कर्तव्यापुढे ज्यांनी स्वतःची सोय पाहिली नाही’. खाली मान घालून उभा राहिलो. लोकांना तो विनय वाटला, टाळ्या वाढल्या.
अभयचा मेसेज. अर्ज मंजूर, पुढची तारीख ७ एप्रिल. म्हणजे कोणाचंच काही बिघडलं नाही. ७ एप्रिलला साडेदहालाच जाईन.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
ताईला फोटो पाठवायचा म्हणून शाल पुन्हा पांघरली होती. बेल वाजली. दारात सरुबाई. एका हाताला कुबडी, दुसऱ्यात पिशवी. पत्ता त्यांना ठाऊक, पूर्वी याच दारात मेथी, चुका घेऊन यायच्या.
कोर्टात कळलं म्हणाल्या, सरांना अपरिहार्य झालंय. असलं दुखणं कधी ऐकलं नव्हतं, लई वाईट असतंय का? मग शालीकडे लक्ष गेलं. एवढ्या उकाड्यात हुडहुडी भरलीय म्हणजे ताप हाय, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं.
मी नाही म्हणालो नाही.
मंडईतून आणलेली सहा मोसंबी टेबलावर ठेवली. साक्षीचं काय, म्हणाल्या, तारीख पडतीया तशी पडू द्या, आधी तुमचं अंग हलकं होऊ द्या. कल्याणीने त्यांना चहा दिला. माझ्याकडे पाहिलंही नाही.
निघाल्या तेव्हा स्टॉपपर्यंत सोडतो म्हणालो. त्यांनी हातानेच थांबवलं. वाऱ्यात येऊ नका, आजारी माणूस तुम्ही.
आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन मजले कुबडीचा आवाज खाली जात राहिला.
मी दारातच थांबलो. आजारी होतो.