विहीणबाईंचा श्वास

अण्णा, परवा शेजारच्या आजोबांकडे ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्यांची सून विचारायला आली, मास्क नीट बसत नाही म्हणून. मी बसवून दिला. "काकू, तुम्ही नर्स होता का?" म्हणाली. नाही म्हटलं आणि घरी आले. वडिलांनी शिकवलं, असं तुमच्याबद्दल सांगायला हवं होतं, ते राहिलं. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितेय.

दवाखान्यात लोक तुम्हाला नुसतं 'गॅसवाले' म्हणायचे. सिलिंडर ढकलत न्यायचा, पान्यानं त्याच्या तोंडाची चावी सोडायची, बाटलीतल्या पाण्याचे बुडबुडे बघायचे आणि पेशंटच्या छातीकडे टक लावून उभं राहायचं, हे तुमचं काम. शहात्तरचा उन्हाळा असेल. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भर दुपारी सासूबाईंना दम्याचा झटका आला आणि टांग्यातून त्यांना तुमच्याच वॉर्डात आणलं. मला दुसरं काय सुचणार? उशाशी स्टुलावर अक्कलकोटहून आणलेला स्वामींचा फोटो ठेवला, उदबत्ती लावली आणि नाव घेत बसले.

तेवढ्यात तुम्ही सिलिंडर घेऊन येता. माझ्या सासरच्यांपुढं तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता, मुलीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नव्हतात. पण त्या दिवशी दारातूनच ओरडलात, "इझव ती! मॅट्रिक झालीस न्हवं? ऑक्सिजनपाशी जाळ चालतोय व्हय?" आणि पेटती उदबत्ती बोटांनीच चिरडलीत. नणंद पुटपुटली, "वहिनी, तुमच्या अण्णांनी देवालाच दम दिला की!" माझे डोळे भरून आले.

मास्क घेऊन तुम्ही वाकलात तर सासूबाईंनी तोंडावर पदर ओढला. एकेका शब्दाला धाप लागत होती, तरी म्हणतात, "व्याह्यांनी... तोंडाला... हात लावायचा? मेले... तरी नको." ओठ निळे पडलेले. डॉक्टर आणि नर्स पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटपाशी अडकलेले. तुम्ही मागं सरलात. मग मास्क माझ्या हातात दिलात, मनगटावरचं घड्याळ काढून दिलंत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. एक हात तेवढा मागं, चावीवर.

"विहीणबाई, मी काय बघत न्हाय. पोरी, त्यास्नी बसती कर, जरा पुढं वाकीव. मास्क नाकावर दाब. पदर आत अडकू दिऊ नगो. बसला? आता छाती किती बारी वर येती ती मोज. पुरं एक मिनिट. घाई न्हाय."

मी म्हटलं, "अडतीस." तुम्ही चावी फिरवलीत, बाटलीत बुडबुडे वाढले. थोड्या वेळानं पुन्हा मोजायला लावलंत. "चौतीस." "ब्येस," म्हणालात. अर्ध्या तासानं ओठांचा रंग परतला. सासूबाईंनी मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाल्या, "सूनबाई, व्याह्यांना म्हणावं, भिंत काय पडत नाही, बसा आता." तुम्ही हसलात, खांदे हललेले दिसले मला, पण वळला नाहीत.

त्यानंतर बारा वर्षं त्या जगल्या. आणि तुम्ही जो भेटेल त्याला सांगायचात, "माझ्या लेकीनं श्वास मोजला, म्हणून मला चावी कळली. मॅट्रिक हाय ती."

हा कागद कुठं पाठवायचा नाही, पोथीच्या फडक्यात गुंडाळून ठेवीन. म्हणून लिहिते. अण्णा, चौतीस मी खरे मोजले होते. पण त्याआधीचे अडतीस मोजलेच नव्हते. डोळ्यांत पाणी होतं, घड्याळाचा काटाच दिसेना. दिसत नाही म्हणावं, तर तुम्ही पुन्हा सगळ्यांपुढं ओरडाल अशी धास्ती. तोंडात आला तो आकडा बोलून गेले आणि त्याच आकड्यावर तुम्ही चावी फिरवलीत. तुम्ही माझं कौतुक करायचात तेव्हा मी दर वेळी मान खाली घालायची. तुम्हाला वाटायचं, लेक लाजतेय.