आईच्या दहाव्याला येऊ नका

दादा, आपल्याकडचा हल्लीचा आमदार कुणाचाही दहावा चुकवत नाही. कडक इस्त्रीत नदीवर येतो, कावळा शिवेपर्यंत कसाबसा दम धरतो आणि मग माईक हातात घेऊन गेलेल्या माणसाचे गुण सांगतो. त्या माणसाला त्याने बहुधा कधी पाहिलेलंही नसतं. परवा शेजारणीच्या नवऱ्याच्या दहाव्याला तो आला, तर ती बिचारी रडायची थांबून त्याच्यासाठी खुर्ची शोधायला लागली. मला त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. लोकांना येऊ नका म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नाही.

तुमच्यावर आली. दुसरं महायुद्ध संपल्यावरच्या निवडणुकीत तुम्ही मुंबईच्या असेंब्लीवर गेलात आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. तोवर बाप मेंबर होणं म्हणजे काय, याची माझी समजूत एवढीच होती की आपल्या राहुरीच्या घराबाहेर दिवसभर चपलांचा ढीग असतो आणि आईच्या चुलीला उसंत नसते. त्या उन्हाळ्यात तुम्ही मुंबईला जाणंच सोडलंत. नगरला कलेक्टर कचेरीत ठाण मांडून बसायचं, लस पदरात पडली की डॉक्टरला बैलगाडीत घालून खेडी पालथी घालायची, विहिरींत लाल औषध टाकून घ्यायचं. पाण्याचा रंग बदललेला बघून बायका तुमच्या नावाने बोटं मोडायच्या. एका गावात तर टोचून घ्यायला कुणी दंडच पुढे करेना. तेव्हा तिथले पिंजारी चाचा गर्दीतून पुढे आले. कापूस पिंजून पिंजून त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या असायच्या. ते म्हणाले, "टोचा मला आधी. मेंबर आपल्यासाठी उन्हातान्हात फिरतोय, अन् आपन सुईला भ्यायचं व्हय?" त्यांच्यामागून सगळं गाव आलं. रात्री जेवताना तुम्ही हे आईला सांगितलंत आणि हसलात. त्या उन्हाळ्यात तुम्हाला हसताना मी तेवढंच पाहिलं.

लोकांच्या जिव्हारी लागली ती तुमची दवंडी. मयताला घरच्यांखेरीज कुणी जायचं नाही, दहाव्याला जमायचं नाही, दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. तुम्ही स्वतःही कुणाच्या दारी गेला नाहीत. एके दुपारी एक म्हातारा येऊन ओट्यावर बसला. त्याचा तरणाताठा मुलगा गेला होता. "मेंबर, पोराला खांदा द्यायला मानसं मिळाली न्हाईत. तुमी तरी यायचं हुतं," एवढंच म्हणाला. तुम्ही मान खाली घालून उभे होतात. आईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तर तुम्ही तिच्यावर खेकसलात, "उकळलंय का ते?" ती तांब्या घेऊन आत आली आणि डोळे पुसत मला म्हणाली, "त्याचं पोर गेलं, अन् ह्यांना पाण्याचं पडलंय." मग तिने मुकाट्याने हंडा चुलीवर चढवला. तुमचं बरोबर होतं, दादा. तरीही त्या दिवशी तुम्ही मला फार निष्ठुर वाटलात.

आईला ते दुखणं कुठून लागलं, कोण जाणे. सकाळी ती जात्यावर ओवी म्हणत होती आणि दिवेलागणीला तिचे डोळे खोल गेले होते. तुम्ही डॉक्टरला घेऊन आलात तेव्हा तिला तुमची ओळखही पटली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा दवंडी पिटवलीत, या वेळी आपल्या घरासाठी. मेंबराच्या घरी दुखवट्याला कुणीही येऊ नये, दहाव्यालाही येऊ नये.

त्या काळी मुलींना नदीवर नेत नसत, पण मी हट्ट धरला आणि तुमच्यात नाही म्हणायचं त्राण नव्हतं. मुळा नदीची धार आटलेली आहे, डोहात तेवढं हिरवट पाणी उरलं आहे. घरच्यांपुरता एक हंडा उकळून तुम्ही गाडीत ठेवला आहे. भटजी पिंड मांडताहेत आणि मला पलीकडच्या वाटेवर माणसं दिसतात. आधी थोडी, मग रीघच लागते. ज्या ज्या गावात तुम्ही गेलात त्या त्या गावाची माणसं भर उन्हात चालत आली आहेत. तुम्ही ओल्या धोतरानिशी त्यांच्यापुढे धावता, हात जोडता. "अरे, परत जा. तुमच्या पाया पडतो, पण परत जा." लोकांना वाटतं, दुःखाने मेंबराचं भान सुटलं आहे. पिंजारी चाचा तुमचे जोडलेले हात आपल्या हातात धरतात. "आमच्यासाठी येवढं पळालात, अन् आज तुमाला एकट्याला सोडायचं? न्हाई जमायचं आमाला." त्यावर तुम्ही त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडलात. पुन्हा कुणाला जा म्हणाला नाहीत. हंडा तुम्ही त्यांच्यापुढे नेऊन ठेवलात आणि तो बघता बघता रिकामा झाला. ऊन तापलेलं, माणसं तहानलेली. ती डोहाकडे गेली, ओंजळीने पाणी प्यायली, आईसाठी हळहळली आणि आपापल्या गावी परतली.

त्यानंतर रोज कुठल्या ना कुठल्या गावाहून सांगावा यायला लागला. जी गावं तुम्ही तोवर तळहातावरच्या फोडासारखी जपली होती, तीच. चाचा गेले. पहिली सुई घेणाराच गेला म्हटल्यावर त्या गावाने डॉक्टरला वेशीवरूनच माघारी पाठवलं. तुम्हीही माघारी आलात, चूल विझलेल्या स्वयंपाकघरात बसलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "त्यांना माझ्याबद्दल काही वाटलं नसतं, तर ती घरी बसली असती. जगली असती." मी लहान होते, मला उत्तर सुचलं नाही. आज तुमच्याहून म्हातारी झाले आहे आणि अजूनही सुचत नाही. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. मला तरी ते लागू पडलेलं नाही.

तुम्ही पुन्हा निवडणुकीला उभे राहिला नाहीत. कुणी ओट्यावर आलं की मागच्या दाराने मळ्यात जायचात. हळूहळू लोकांनी यायचं सोडलं. जायच्या आधी तुम्ही मला बजावलंत की कुणाला कळवायचं नाही, दहाव्याला घरचीच माणसं हवीत. मी तसंच केलं. साथ कधीच सरली होती, नदी भरून वाहत होती, पाणी स्वच्छ होतं. तरी गावोगाव बातमी गेलीच होती, अशी बातमी कुठे लपते? एकही माणूस आला नाही. तुमचं ऐकलं म्हणून, तुम्हाला विसरले म्हणून, की आपापली माणसं आठवली म्हणून, हे मी कुणाला विचारलं नाही. हे पत्र कुठे पाठवायची सोय नाही, म्हणूनच सांगते. भटजी मंत्र म्हणत होते आणि मी पलीकडच्या वाटेकडे बघत होते, दादा. तुमचं न ऐकता कुणीतरी यावं, असं मला फार वाटत होतं.